नव्या सुनेवर राज्य

निर्मळपासून अर्नाळ्यापर्यंत भुताला न घाबरणारा एकच माणूस, तो म्हणजे मी. रात्री परसात जाताना बायकोला उठवतो, पण ते सापासाठी. हसू नको, प्रितेश. शेकोटीत लाकूड सरकव आणि ऐक. आपल्या एडवर्डच्या घरची गोष्ट आहे, खरी.

गेल्या डिसेंबरची सत्तावीस तारीख, शनिवार. एडवर्ड, त्याची बायको रेजिना, मुलगा मेलरॉय आणि नवी सून डायना गाडीने डहाणूला निघाली. तंबू, मटण, पाव, आणि बिस्किटांचा रिकामा डबा. डब्याशिवाय त्या घरची सहल होत नाही. कळंबला लगोरी खेळले, राजोडीला विटीदांडू. डहाणूला निघालेली माणसं अंधार पडला तेव्हा नवापूरलाच! मग तिथेच सुरूच्या बनात तंबू ठोकले.

जेवणं झाली तशी रेजिनाने डबा काढला. डबा ऐसपैस! त्या घरची रीतच आहे, पहिल्या सहलीत पहिलं राज्य नव्या सुनेवर.

डायना लहानपणापासून अंधाराला भिते. ती मेलरॉयचा हात सोडेना.

"भिऊ नको गं," तो कानात म्हणाला. "त्या आडव्या पडलेल्या सुरूमागे मी लपतो. पहिला मीच आऊट होईन, मग राज्य माझं. शब्द देतो."

एडवर्डने डबा लांब भिरकावला. डायनाने तो शोधून आणला, वाळूतल्या रिंगणात ठेवला. सगळे लपले होते. अर्धा चंद्र होता, पण झाडांखाली काळोख.

"मेलरॉय?"

चाचपडत, एकेक पाऊल टाकत...

ती आडव्या सुरूपाशी गेली. मागे कोणीतरी उकिडवं बसलेलं.

"मेलरॉय, इस्टॉप!"

धावत येऊन तिने डबा आपटला. टक, टक, टक.

तो उठला. आला. तिचा हात धरला. हात गार... ओला. तरी तिला हायसं वाटलं. शब्दाला जागला म्हणायचा!

"बाकीचे कुठे रे?"

हात धरूनच तो चालू लागला. तिला रस्त्यावरच्या गाडीकडे घेऊन गेला. गाडीत खसखस पिकलेली. आतला दिवा लागला.

एडवर्ड. रेजिना. आणि मागच्या सीटवर, तोंड दाबून हसणारा... मेलरॉय.

डायनाने बाजूला पाहिलं. कोणी नाही. हात मात्र ओला.

"फसली गं फसली!" रेजिना टाळ्या पिटत म्हणाली. "माझ्या सासूने मलाही असंच..."

थांबली.

बनातून आवाज आला.

टक... टक... टक...

आऊट झालेला आता राज्य घेत होता.

डायनाला आत ओढलं, तंबू तिथेच टाकले, गाडी सुसाट घराकडे.

सकाळी अंगणात गाडीच्या बॉनेटवर डबा. काठोकाठ ओल्या वाळूने भरलेला.

मेलरॉय खाली मान घालून म्हणाला, "गंमत होती गं. मम्मीचा बेत, मी काय करणार?"

डायना डब्याकडे बघत राहिली.

"शब्द तू दिलास. पाळला त्याने. आता अंधारात हाक कोणाला मारू?"