कांडी आणि शेगडी

प्रतीक्षा जमदाडेच्या रक्तातलं औषध तीन दिवसांपासून वाढत होतं, आणि ते वाढायचं काहीच कारण नव्हतं.

तालुक्याच्या एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रातल्या, समुपदेशक अरुंधती केंगार यांनी पडद्यावरची रेघ पुन्हा निरखून पाहिली. एचआयव्हीसाठी रोज गोळी गिळण्याचे दिवस आता सरले होते. दंडाच्या कातडीखाली आगकाडीएवढी एक कांडी बसवायची. ती वर्षभर थोडंथोडं औषध सोडते आणि रक्तात ते किती उतरलं हे रुग्णाच्या फोनमार्फत केंद्राला कळवते. गोळ्यांचा डबा लपवायला नको, की घरात कुणाला संशय यायला नको. प्रतीक्षाला हा आजार जन्मापासून होता. नवऱ्याला, रणजितला, लग्नाआधीच सगळं माहीत होतं. सासूला मात्र कधी कळू द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं, आणि कांडीमुळे ते निभलंही. गेल्या आठवड्यात मुलगी झाली. पहिल्या तपासणीत ती निरोगी निघाली, तेव्हा केंद्रात पेढे वाटले ते अरुंधतींनीच.

रेघ धोक्याच्या केशरी पट्ट्यात शिरली. अरुंधतींनी फोन लावला.

"मॅडम, बरं झालं तुम्ही केलात," प्रतीक्षा दबक्या आवाजात बोलत होती. "डोकं गरगरतंय. डोळा लागला की नको नको ती स्वप्नं पडतात. आणि लघवी हळदीसारखी पिवळी होतेय."

"कधीपासून?"

"परवापासून. आई म्हणाल्या, बाळंतपणात होतं असं."

चक्कर, विचित्र स्वप्नं, यकृतावर ताण. औषध जास्त झाल्याचीच ही लक्षणं होती. पण कांडी जास्त औषध सोडते ती फक्त तापली तर, कारण उष्णतेने तिचं वेष्टन सैल पडतं.

"ताप आहे का? दंडावर गरम पाण्याची पिशवी ठेवलीस?"

"नाही मॅडम. तुम्ही सांगितलेलं सगळं पाळते."

तेवढ्यात मागून सासूचा आवाज आला. "प्रतीक्षा, शेगडी फुललीया बघ. ये, बाजंवर पड. मालीश करून घेऊ."

अरुंधतींना एकदम उलगडलं. बाळंतिणीचा शेक! अंगाला कोमट तेल चोळायचं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची आणि वरून घोंगडी पांघरायची. कांडी बसवताना त्या प्रत्येकीला सूचना वाचून दाखवत: ताप आला तर कळवा, गरम पिशवी टाळा, सौनात बसू नका. सौना म्हणजे वाफेची खोली. या तालुक्यात ती कुणी पाहिलेली नव्हती, त्यामुळे त्या वाक्याला बायका हसत आणि अरुंधतीही हसत. शेगडीबद्दल सूचनेत एक अक्षर नव्हतं. ज्यांनी कांडी बनवली, त्यांच्याकडे बाळंतिणीला शेकत नाहीत. पण आपल्याकडे शेकतात, मग आपल्याला कसं सुचलं नाही? स्वतःचा संताप आला त्यांना.

"प्रतीक्षा, शेगडीवर जायचं नाही. त्यानेच होतंय हे."

"आईंना काय सांगू? मला माहेर नाही, म्हणून त्या सगळं हौसेनं करतायत. नको म्हटलं तर का म्हणून विचारतील."

फोन बंद झाला. पुन्हा लावला, तो कुणी उचलला नाही. रणजितचाही लागला नाही. थोड्या वेळाने रेघ आणखी चढली.

"कांडी आजच काढायला हवी. उशीर केला तर यकृत हातचं जाईल," केंद्राचे डॉक्टर मुलाणी रेघ पाहून म्हणाले. "आणि घरच्यांना कारण सांगायचं नाही. तिच्या परवानगीशिवाय आपल्याला तोंड उघडता येत नाही."

दोघं जीपने निघाले. वाटेत अरुंधतींनी एक थाप जुळवली. कांडी पाळणा लांबवायची आहे म्हणून सांगायचं.

दारात सासू, वैजयंताबाई, आडव्या उभ्या राहिल्या. "बाळंतिणीच्या खोलीत भायेरच्यानं यायचं न्हाई."

"तिच्या जिवाला धोका आहे," डॉक्टर म्हणाले, आणि सरळ आत गेले.

प्रतीक्षा बाजेवर घामाने निथळत होती. डोळ्यांचं पांढरं पिवळं पडलेलं. अरुंधतींनी पायाने शेगडी बाहेर ढकलली.

"काय झालंय तिला?" वैजयंताबाईंनी विचारलं.

"तिच्या दंडात एक कांडी आहे, ती पाळणा—"

"नको, मॅडम." प्रतीक्षा कोपरावर उठली. "आई, मला एचआयव्ही आहे. जन्मापासून. रणजितना माहीत आहे. त्यांना झालेला नाही, बाळालाही नाही. औषधामुळेच नाही. ते औषध दंडात आहे आणि शेकानं ते अंगात उतू जातंय."

वैजयंताबाई भिंतीला टेकल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही, पाळण्याकडेही नाही. डॉक्टरांनी दंड बधिर केला, छोटी चीर दिली आणि कांडी चिमट्याने ओढून काढली.

"आता रुग्णालयात नेतो," ते म्हणाले. "यकृत सावरलं की दुसरं औषध सुरू करू. औषधाशिवाय फार दिवस राहायचं नाही, नाहीतर विषाणू पुन्हा डोकं वर काढेल."

अरुंधतींनी प्रतीक्षाला आधार देऊन उठवलं. दुसऱ्या बाजूने वैजयंताबाई आल्या आणि त्यांनी तिच्या काखेत हात घातला. ते हात अजून तेलाने माखलेले होते.

सुनेला जीपमध्ये बसवल्यावर त्या अरुंधतींकडे वळल्या. आवाजात राग होता, आणि रडूही.

"तुमास्नी तितं तालुक्याला बसून कळलं. मी हितं हिच्या उशाला बसून, लेक म्हणून, हिला भाजत हुते. मला कुणी सांगायचं हुतं, बाई?"