पुसलेल्या मुंग्या

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि तो पूर्ण उंचीचा होता. ठण्ण! फरशी पुसता पुसता मी वर पाहिलं, तर कपाळ चोळत एक तरुण उभा. छातीशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घट्ट धरलेला.

"लागलं का हो?"

"नाही, डब्याला काही झालं नाही," तो म्हणाला.

तेव्हाच मला तो आवडला. खोटं कशाला बोलू!

आमचं काम साधं. जुने कागद, नकाशे, चित्रं स्कॅन करायची, पिवळेपणा घालवायचा, घड्यांच्या रेषा, डाग, धुळीचे ठिपके पुसायचे आणि ऑनलाइन टाकण्याजोगी करून द्यायची. त्याच्या डब्यात त्याच्या आत्याची एकतीस चित्रं होती. खिडकीतल्या कुंड्या, वाटाण्याच्या शेंगा, कापलेलं लिंबू... बारीक निबानं काढलेली, इतकी नाजूक की हात लावायची भीती वाटावी.

"बावीस वर्षं तिनं ही बाहेरच्या कुणाला दाखवली नाहीत," तो म्हणाला. "महिनाभर मागे लागलो तेव्हा कुठे 'टाक बाबा एकदाची' म्हणाली. आता तिचे डोळे अधू झालेत, नवीन काही काढणं होत नाही. तिचं मन फिरायच्या आत ही लोकांनी बघावीत... एवढीच इच्छा आहे माझी."

मी पावतीपुस्तक उघडलं. "नंबर सांगा."

"उजव्याचा वजा दीड, डाव्याचा वजा दोन."

"अहो, फोनचा!"

बिचारा कानापर्यंत लाल झाला. चष्म्यांच्या दुकानात भिंगं बसवायचं त्याचं काम, दिवसभर दुसरा नंबर कानावर पडतच नसे.

मग तो रोज संध्याकाळी यायला लागला. "किती झालं, बघायला आलो."

"कालच्यापेक्षा एक चित्र जास्त."

"वा! म्हणजे उद्याही यायला हवं."

"न येऊन कसं चालेल?" मी म्हणायचे, आणि मान खाली घालून कामाला लागायचे.

काम तरी कसं! चित्र चौपट मोठं करून एकेक ठिपका हातानं पुसायचा. आमच्या मालकीणबाई बघत होत्या. "या गिऱ्हाइकाचं काम फारच मन लावून चाललंय गं."

"कागद नाजूक आहे, बाई."

"कागदच ना?"

महिन्याभरानं एकतीसही चित्रं मी त्याला स्क्रीनवर दाखवली. तो शेजारी खुर्ची ओढून बसला होता. "सुंदर," तो म्हणाला. पुढचं चित्र. "फारच सुंदर." काही बदलायचं का, विचारलं, तर म्हणे, "काही म्हणजे काही नाही," आणि फायली घेऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. आवाज पडलेला. "घोटाळा झालाय. आत्यानं चित्रं मोठी करून बघितली आणि म्हणाली, ऑनलाइन टाकायची नाहीत, डबा परत आण. तुम्ही... तिच्या मुंग्या पुसल्यात."

"काय पुसलं?"

"मुंग्या. धूळ नव्हती ती."

त्याच संध्याकाळी लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या घरी गेले. जाड भिंगांचा चष्मा लावून आत्या टेबलाशी बसल्या होत्या.

"ये. मुंग्यांची वैरीण ती तूच का?"

मग त्याच सांगू लागल्या. "हा सहा वर्षांचा असताना माझ्याकडे आला. आईबाप एकदमच गेले. बोलायचा नाही, जेवायचा नाही. मग मी चित्रं काढून त्यात ठिपक्याएवढ्या मुंग्या लपवायला लागले. शोधता शोधता हा मोजायला लागला, मोजता मोजता बोलायला. आता मुंग्या काढल्या तर राहिलं काय? नुसती भाजी!"

मी रडले. अगदी हमसून. आजवर डाग समजून मी कुणाकुणाचं काय पुसलं असेल, देव जाणे. "चुकलं माझं, आत्या. पण मूळ स्कॅन मी कधी फेकत नाही. सगळ्या मुंग्या आहेत. धूळ कुठली आणि मुंगी कुठली, तेवढं तुम्ही सांगा."

आत्यांनी शेजारची खुर्ची सरकवली.

पाच संध्याकाळी आम्ही बसलो. स्क्रीनला नाक लावून आत्या सांगायच्या, "ही धूळ. ही मुंगी. ही... शाई सांडली होती गं, पण मी तिला पाय काढले. मुंगीच धर." माझ्या हाताला मुंग्या आल्या तर म्हणायच्या, "बघ, सूड घेतायत!" एकदा त्यांनी माझा हात हातात घेतला. "माझ्या चित्रातला ठिपका न् ठिपका आजवर घराबाहेरच्या कुणी पाहिला नव्हता. पुसायला का होईना, तू पाहिलास." त्या हाताचं ऋण मी कसं फेडणार?

शेवटचं चित्र झालं. "टाका आता," आत्या म्हणाल्या. त्यानं चित्रं ऑनलाइन टाकली. तासाभरात कुणीतरी लिहिलं, "मला नऊ सापडल्या. अजून आहेत का?" आत्यांनी ते तीनदा वाचायला लावलं. जाड भिंगांआड डोळे भरून आले होते.

चष्मा पुसून त्या पुतण्याकडे वळल्या. "पण काय रे, या मुंग्या तुला लहानपणापासून पाठ. हिनं चित्रं दाखवली तेव्हा एकही नाहीये, हे तुला दिसलं नाही? जगाला चष्मे लावतोस! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

तो उगाच टेबलावरचे कागद नीट करायला लागला.

"लक्ष कुठे होतं तुझं?"

"आत्या... मी स्क्रीनकडे बघतच नव्हतो."

"मग सुंदर, सुंदर कशाला म्हणत होतात?" मी विचारून बसले... आणि विचारता विचारताच मला उमगलं.

आत्या उठल्या. "मी आत जाते. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. जपून बोला."

तो टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, "मला तुम्ही फार आवडता. आत्याच्या चित्रांचं वाटोळं होणार होतं त्यापायी... तरी आवडता."

मी लॅपटॉप मिटला. "एक सांगू? ठिपके काढायला आमच्याकडे बटण आहे. दाबलं की दोन दिवसांत सगळं काम होतं. मी ते दाबलंच नाही."

"का?"

"तुम्ही यायचे थांबला असता."

तो इतका गडबडला की म्हणाला, "थँक्यू."

मला हसू आवरेना. पण खरं सांगते, मलाही तेच म्हणायचं होतं.