ओढणीवरचे पतंग

"अहो, अहो... हात नका लावू त्याला!"

कपाशीच्या सरीतून कुणीतरी पळत येत होतं. पण मी हात लावून मोकळी झाले होते. ताडकळसच्या आमच्या रानात काठीला एक पिवळं नरसाळं टांगलेलं, त्याखाली लांब पिशवी, आणि जमिनीवर पडलेली एक बारकी रबरी गोळी. मी ती उचलली, नाकाला लावली. वास काहीच येईना, म्हणून बोटं ओढणीला पुसून टाकली.

"आमचंच रान हाय," मी म्हणाले. "तुमी कोण?"

"आदिनाथ. मानवतचा. परभणीला विद्यापीठात बोंडअळीवर संशोधन करायलोय. तुमच्या आबांना विचारूनच सापळे लावलेत."

धाप लागलेली, चष्मा घसरलेला, बुटांना आमच्या काळ्या मातीचे हे एवढे गोळे! मला हसू आवरेना. आज इतक्या वर्षांनीही तो असाच आठवतो.

त्यानं समजावून सांगितलं. गोळीला मादी पतंगाचा वास असतो. आपल्याला येत नाही, नर पतंगाला मात्र लांबून येतो. तो ओढीनं येतो आणि पिशवीत अडकतो. जोडी जमली नाही की अंडी नाहीत, अळी नाही, आणि बोंड शाबूत.

"आणि ती? मादी?"

"ती नसतेच तिथं. नुसता वास."

"म्हंजे फसवताच की बिचाऱ्याला!"

तो चक्क लाजला. गोळी माझ्या हातून चिमट्यानं घेताना सुद्धा त्यानं वर पाहिलं नाही.

मग दर आठवड्याला तो पतंग मोजायला येऊ लागला. नेमकी त्याच दिवशी मला रानात जायची हौस यायची. "आज कुठले नवरदेव अडकले?" मी विचारायची. "विचारून सांगतो," म्हणत तो पिशवीत डोकावायचा... आणि मोजणी चुकायची. पुन्हा पहिल्यापासून! मला तेच हवं असायचं.

घरात मात्र आबांचं ठरलं होतं. कापूस घरात आला की पिंगळीच्या स्थळाला होकार कळवायचा.

एका सकाळी आदिनाथ कपाळाला हात लावून ओसरीवर बसला. "आबा, घराजवळच्या सापळ्यात पतंगच येईनात. बाकीचे भरलेत. सरांना काय सांगू?"

माझी नजर दोरीवर गेली. माझी हिरवी ओढणी! रोज सकाळी तिच्यावर बारके तपकिरी पतंग बसलेले असायचे. दोनदा धुतली तरी तेच. मी घाबरत तिकडं बोट दाखवलं. त्यानं ओढणी पाहिली, मग माझी बोटं. मग घसा खाकरला.

"आबा... ही ओढणी मला न्यावी लागंल."

आईच्या हातातलं सूप थांबलं. परक्या पोरानं लेकीची ओढणी मागितली, ती पण बापाकडं! आदिनाथचे कान लालबुंद. "संशोधनासाठी," तो पुटपुटला.

आबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "ने बाबा, ने. पतंग बी तुझे अन् वढणी बी तुझी."

सापळे पुन्हा भरू लागले. दिवस मात्र भराभर गेले. शेवटची वेचणी झाली आणि तो सापळे काढायला आला. मी पिशव्या गुंडाळू लागले.

"आता पुन्हा कधी?"

"इथलं काम तर संपलं..."

"अन् माझी ओढणी?"

"राहिली... खोलीवर." तो काहीतरी बोलणार होता. पण वळून सापळे गाडीला बांधू लागला.

माझा संताप संताप झाला. "ठेवा मग. तुमी बी त्या गोळीसारखेच. नुसता वास, तिथं कुणीच न्हाई!"

त्याची गाडी दिसेनाशी झाली तेव्हा मी ढसाढसा रडले.

पिंगळीचे पाहुणे रविवारी येणार होते. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी उपटून झाली, रान मोकळं झालं. आणि शुक्रवारी सकाळी... बांधावरून तो येताना दिसला. सोबत त्याची आई. हातात इस्त्री केलेली हिरवी ओढणी.

"आता कसले सापळे, आदिनाथराव?" आबांनी विचारलं. "रानात काईच न्हाई."

"सापळे न्हाईत, आबा. काम पण काहीच न्हाई." त्यानं चष्मा सावरला आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडं पाहिलं. "नुसता वास न्हाई, राजेश्री. मी आहे. हेच सांगायला आलो... आईला घेऊन."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी ओढणी घेतली आणि डोक्यावरून पदरासारखी घेऊन त्याच्या आईच्या पाया पडले. पिंगळीला निरोप आबांनी स्वतः जाऊन दिला.

आता आम्ही परभणीत राहतो. कपाशीच्या दिवसांत तो रानातून आला की मी त्याचा शर्ट धुऊन गॅलरीत वाळत घालते. सकाळी कधी कधी त्यावर एखादा तपकिरी पतंग बसलेला असतो. मी त्याला झटकत नाही. आदिनाथला हाक मारते, आणि चहा होईपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे राहतो.