शामीचा आवाज

“गप गं जरा, माझी शामी बोलतीय,” सावित्राबाईंनी सुनेकडे न पाहताच हात वर केला, आणि चहाचा कप घेऊन आलेली निर्मला दारातच थबकली…

टीव्हीवर रेशमी वस्त्रांतली एक चिनी राणी आपल्या निष्ठुर दिराला बजावत होती, ‘राज्य घे माझं, पण माझ्या लेकराच्या तोंडचा घास ओढू नकोस.’ सावित्राबाईंनी पदराने डोळे टिपले.

“काय बोलती ही पोर, काळजात हात घालती. न्हाईतर आमचं घर… सकाळधरनं कुनाचा सबूद न्हाई.”

निर्मलाने कप खाली ठेवला. ओठांवर आलेले हसू आणि डोळ्यांत आलेले पाणी तिने एकदमच गिळले. पडद्यावरची नटी चीनमधली होती, नाव लिन शाओमेई. सावित्राबाईंच्या जिभेवर ते नाव बसेना, म्हणून त्यांनी तिची शामी केली होती. पण त्यांच्या काळजात हात घालणारा तो मराठी आवाज मात्र वडिवळ्याच्या याच घरातल्या सुनेचा होता… आणि ही गोष्ट निर्मलाचा नवरा विकास याच्याखेरीज घरात कुणालाच ठाऊक नव्हती.

निर्मला वडगावची. माहेरी असताना तिचे नाटकातले काम बघायला शेजारच्या गावांतून माणसे यायची. लग्नानंतर पहिल्याच वर्षी गावच्या उत्सवात तिने एका विधवेची भूमिका केली. पांढरे कपाळ घेऊन ती रंगमंचावर उभी राहिली आणि सारे पटांगण हुंदके देऊ लागले. दुसऱ्याच दिवशी कामशेतच्या वळणावर विकासची मोटरसायकल घसरली, आणि त्याचा पाय जायबंदी झाला.

“कुकू पुसून हुबी ऱ्हायलीस, त्याचंच फळ ह्ये,” दवाखान्यात सर्वांसमक्ष सावित्राबाई म्हणाल्या होत्या. निर्मलाने वाद घातला नाही. सासूचे पाय धरून तिने शब्द दिला, “आत्याबाई, पुन्हा तोंडाला रंग लावणार नाही.” ज्या कलेवर तिने जिवापाड प्रेम केले होते, ती तिने त्या एका वाक्यात विसर्जित केली…

विकास बरा झाला, जरा लंगडत का होईना, गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये कामाला जाऊ लागला. सासूच्या मनातली अढी मात्र गेली नाही. कामापुरते बोलायचे, बस्स. बायकोचा कोमेजत चाललेला चेहरा विकासला बघवेना. लोणावळ्यात एका बंगल्याच्या मागच्या खोलीत परदेशी मालिका मराठीत करतात, असे कळताच तो हसत म्हणाला होता, “तोंडाला रंग लावणार नाही म्हणालीस ना? आवाजाला कुठं रंग लावतात?”

अशी ती डबिंगला जाऊ लागली. घरी सांगितले, ऑफिसात काम मिळाले. तिने आवाज दिलेली पहिली चिनी नटी म्हणजे शाओमेई. तेव्हा ती कुणीच नव्हती. तबक घेऊन यायचे आणि ‘बाईसाहेब, चहा’ एवढेच म्हणायचे… पण पुढच्या मालिकेत ती कोळ्याची लेक झाली, मग शाळामास्तरीण, आणि आता महाराणी. दूरदेशीची ती बाई एकेक पायरी चढत गेली, तसतशी निर्मलाच्या वाट्याची वाक्येही वाढत गेली. दोघींनी एकमेकींना कधी पाहिले नव्हते, तरी शाओमेईला कुठला पुरस्कार मिळाला की निर्मला घरी येऊन शिरा करी, आणि शिरा कशाबद्दल, हे काही सासूला सांगत नसे.

महाराणीच्या मालिकेचा शेवटचा भाग त्या दिवशी दुपारी लागणार होता. सावित्राबाई तापाने फणफणल्या होत्या, तरी उशीला टेकून बसल्या. राणीचा हरवलेला मुलगा राजवाड्याच्या दाराशी आला… आणि वाऱ्याने कुठेतरी फांदी तारांवर पडून वीज गेली.

“आता गं? तिला लेकरू भेटंल का न्हाई?” म्हातारीचे ओठ लहान मुलासारखे थरथरू लागले.

बोलावे, तर इतकी वर्षे जपलेले गुपित उघडे पडणार होते, कदाचित कामही सुटणार होते… पण समोरचा तो व्याकूळ चेहरा! निर्मला खाटेवर टेकली, डोळे मिटले आणि राणीच्या आवाजात बोलू लागली, “ये बाळा. तुझ्या पावलांचा आवाज मी झोपेतही ओळखला असता. राज्य गेलं तर गेलं, माझं सारं धन परत आलं…”

सावित्राबाई श्वास रोखून ऐकत होत्या. ती थांबली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “भेटलं म्हंजी लेकरू?”

“भेटलं, आत्याबाई.”

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. आता घरात वादळ होणार, असे निर्मलाला वाटले. पण ताप उतरला त्या सकाळी ती उठली, तर चुलीपाशी तिच्यासाठी हळद घातलेले दूध झाकून ठेवलेले होते.

थोड्याच दिवसांत डबिंगवाल्या सुहासचा फोन आला. शाओमेईचा मोठा चित्रपट मराठीत करायला आला होता. निर्मला ऐकत राहिली आणि हळूच म्हणाली, “हे काम दुसऱ्या कुणाला द्या.”

“का न्हाई म्हनालीस?” सावित्राबाई मागेच उभ्या होत्या.

“त्यात ती… विधवा आहे.”

म्हातारी बराच वेळ नखाने दाराची चौकट खरवडत राहिली. मग म्हणाली, “मग शामी काय परक्याच्या तोंडानं रडनार? सांग त्याला, येती म्हनून. मी बी येती संगं.”

दोघी कामशेतला गाडीत बसून लोणावळ्याला गेल्या. पडद्यावर शाओमेईने तोंड उघडले आणि तिचे चिनी बोल ऐकून सावित्राबाई दचकल्या. “आगं, हिला मराठी येत न्हाई?” सुहास खो खो हसला.

प्रसंग असा होता, की नवरा गेलेली सून घराबाहेर उभी असते आणि सासू दार उघडते. सासूचा आवाज देणारी बाई घाटात अडकली होती. सुहास म्हणाला, “आजी, एकच वाक्य आहे, तुम्ही म्हणता का? ‘सूनबाई, आत ये, बाहेर थंडी आहे.’”

त्यांच्या पदरावरून हेडफोन चढवला. पडद्यावरच्या म्हातारीचे ओठ हलले. सावित्राबाई गप्पच. पुन्हा हलले, तरी शब्द फुटेना. तिसऱ्यांदा त्यांनी पडद्याकडे पाहिलेच नाही, शेजारी उभ्या असलेल्या निर्मलाकडे पाहिले…

“पोरी, तुजा काई दोष न्हवता गं. रस्ता निसरडा व्हता, एवढंच. मीच येडी, माज्या लेकाच्या पायाचं खापर तुज्या कपाळी फोडलं, इतकी वर्सं तुला भाईर हुबी केली. आत ये, माजे बाई…”

निर्मलाचे वाक्य पुढे होते. ते तिला आठवलेच नाही. तिने सासूच्या खांद्यावर डोके टेकले, आणि सुरकुतलेला हात तिच्या केसांवरून फिरत राहिला.

सुहासने चष्मा काढून पुसला. “आजी, फार छान… पण ओठ काही जुळले नाहीत.”

“मंग त्या बाईला म्हनावं, नीट बोल,” सावित्राबाई नाक पुसत म्हणाल्या आणि हेडफोन सारखा करून माईकपुढे पुन्हा ताठ उभ्या राहिल्या.