कुरुंदवाडची लाईन

पाणीपुरवठा संस्थेच्या कोल्हापूर कचेरीत तेजस्वी त्या दुपारी बसली होती ती नेहमीच्याच कामाला. कुरुंदवाडच्या शाखेशी डायल-अप जोडायचं. इथला कॉम्प्युटर नवा, विंडोजवाला; तिथला जुनाट, युनिक्सवाला. दोघांचं जावा-जावांइतकंही पटायचं नाही. मोडेम किंचाळायचा, लाईन लागायची आणि पडद्यावर नुसता अक्षरांचा चिवडा. एरवी ती हसली असती. आज जीव टांगणीला लागला होता. पुराने कुरुंदवाड वेढलं होतं, तिथले मोबाईल बंद होते आणि त्या शाखेत तिचा नवरा कृष्णात एकटा होता.

पुन्हा चिवडाच उमटला. तिने सेटिंग बदललं. आठ बिटांऐवजी सात, पॅरिटी इव्हन. मग इंग्रजी अक्षरांत सरळ मराठी वाचता आलं.

'तेजू, मी माडीवर हाय. जिना बुडाला. होडी पाठीव.'

तिला रडूच फुटलं. कचेरीतली बाकी माणसं पुराच्या कामाला पांगली होती. एकटा ड्रायव्हर बाबालाल होता, तो मागच्या आवारात जीप काढायला धावला. शिरोळला होडी मिळणार होती.

तेवढ्यात पुढचं दार ढकलून कृष्णात आत आला.

"आलो की, तेजू..." तो म्हणाला. "सकाळीच निघालो. मशीन बुडालं, तारबी तुटली."

तिला आनंद झाला, आणि लगेच अंगावर काटा आला. त्याच्या अंगाला गाळाचा वास येत होता. पुरातून आलेल्या माणसाला येणारच, असं तिने स्वतःला समजावलं. पडद्यावर अक्षरं येतच होती.

'पाणी चढतंय.'

मुलगी झाली तर काय नाव ठेवायचं ते दोघांनी ठरवलं होतं. बारशाआधी बोलू नये म्हणून सासूलाही सांगितलं नव्हतं. तेजस्वीने तेच टाइप करून विचारलं.

'अबोली.'

"अबोली..." खिडकीबाहेर बघत कृष्णात पुटपुटला.

बाबालालने हॉर्न दिला. "वैनी, निघू का?"

"लाईन तोड, तेजू..."

'लाईन तोडू नगंस.'

मागे उभा आहे तो खरा असेल तर होडीचा हेलपाटा फुकट जाईल, एवढंच. पण पडद्यावरचा खरा असेल तर...

"निघा, बाबालालभाई!" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

कृष्णात पुढे आला. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. हळूहळू पडद्यावरची अक्षरं थांबली. उठून पळावं असं तिला कितीदा वाटलं, पण पडद्यावर पुन्हा अक्षर उमटेल म्हणून ती बसून राहिली.

दिवेलागणीला तिचा मोबाईल वाजला. पलीकडे बाबालाल होता.

"वैनी, सायेब घावलं! जित्तं हायत. शेजारीच बसल्यात माझ्या. घिऊन येतोय."

तिने फोन खाली ठेवला. मान वर करायचा धीर होईना. शेजारची खुर्ची करकरली. कृष्णात उठला, दारापाशी गेला आणि त्याने आतून कडी घातली.

"कवा पोचतोय त्यो?" त्याने विचारलं.