विल्मेरकाकांच्या अंगणातला कायदा

"कॅप्टन मेला, हे साफ खोटं आहे!" यादिराने भिंतीवरून खाली उडी मारली. "काकांच्या अंगणात पत्र्याखाली कुत्रं कण्हतंय!"

"तुला सुट्टीत भुतंसुद्धा ऐकू येतात," तिचा चुलतभाऊ एडसन हसला. पण भिंतीला कान लावताच त्याचं हसू मावळलं.

विल्मेरकाका आपल्या कॅप्टन कुत्र्याला उपाशी ठेवतात, अशी शेजाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा काकांनी हवालदार नेलिदाबाईंना सांगितलं होतं, "मेला तो. पुरला मी."

दोघं चौकीकडे धावली. नेलिदाबाई लगेच निघाल्या आणि फाटकाशी भिंतीच्या आड उभ्या राहिल्या. एडसनने फाटकावर थापा मारल्या. "विल्मेरकाका! लिमाहून बडे पाहुणे आलेत, तुमचे झुंजीचे कोंबडे बघायला!"

फाटक सताड उघडलं! यादिराने शीळ घातली. पत्रा थरथरला.

पत्रा उचलला, तर खाली कॅप्टन! हाडांचा सापळा, आणि साखळी मानेच्या मांसात रुतलेली.

"प्राण्याला वेदना होतात, हे आपल्या देशाचा कायदा मानतो," नेलिदाबाई कडाडल्या. "याला तुरुंग आहे, विल्मेर!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. एडसन आनंदाने ओरडला, "असा हवा कायदा!"

यादिरा मात्र खुराड्यांकडे बघत होती. एका कोंबड्याचा डोळा फुटलेला, छाती दोऱ्याने शिवलेली. बाजूला झुंजीत पायाला बांधायची पाती चकाकत होती.

"आणि हे?"

नेलिदाबाईंनी नजर वळवली. "झुंजीचे कोंबडे त्या कायद्यातून वगळलेत, पोरी. बैलांच्या झुंजीही. परंपरा म्हणे."

"म्हणजे यांना दुखत नाही?"

"दुखतं गं. पण माझे हात बांधलेत."

काकांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "ऐकलंस ना? कोंबड्यांना हात लावायचा नाही!"

संध्याकाळी चौकात सगळ्यांनी मुलांची पाठ थोपटली. कुणी पाकात बुडवलेले गरमागरम, तळलेले पिकारोनेस पुढे केले. यादिराचे बाबा तर छाती फुगवून सांगत होते, "माझी पोरगी! मुक्या जिवासाठी लढली!"

यादिराने हातातला पिकारोनेस तसाच खाली ठेवला.

रविवारी दुपारी बाबांनी ठेवणीतली टोपी चढवली. झुंजीच्या रिंगणाकडून कर्ण्याचा आवाज येत होता.

"चल, येतेस? विल्मेर कोठडीत असला, तरी त्याचा तो एकडोळ्या आज उतरणार आहे. जबरदस्त लढतो!"

यादिराने बाबांकडे पाहिलं. ते मनापासून, प्रेमाने हसत होते.