तिसऱ्यांचं वाटण

माझ्या हातचं आजवर कुणी पानात टाकलेलं नाही. लालबागच्या आमच्या अख्ख्या चाळीत विचारा. म्हणून माझी नात मनवा म्हणाली, "आजी, दुकानातले दोन मासे काही केल्या खात नाहीत गं," तेव्हा मी चपला घातल्या.

शोभेच्या माशांचं दुकान ते; मनवा तिथे कामाला. काचेपलीकडे बोटाएवढी जोडी. हिरवट-निळं अंग, त्यावर नारिंगी ठिपक्यांच्या ओळी, तोंड शीळ घातल्यासारखं पुढे, डोक्यावर एक ताठ काटा. एक वळला की दुसरा वळायचा. आणि काचेला नाक लावून एक मुलगा उभा...

"यातला एकच विकू नका हं," तो मनवाला म्हणाला. "हे जोडीनेच राहतात."

"मग तुम्ही जोडीनेच न्या की!" मनवा म्हणाली — आणि कानापर्यंत लाल झाली.

मुलगा वरद, गिरगावचा. प्रवाळातल्या माशांचा अभ्यास करणारा. रविवारी अंदमानला चाललेला, तीन वर्षांसाठी.

"अंग कानशीसारखं खरखरीत; कानस म्हणजे फाइल, म्हणून फाइलफिश," तो सांगू लागला. "प्रवाळाच्या फांद्यांतच राहतात, त्याचेच बारीक जीव टिपून खातात. अंगाला वासही प्रवाळाचाच. मोठा मासा शेजारून जातो, पण ओळखत नाही. झोपतात तेसुद्धा फांदी दातांत धरून."

"आणि फांदीच मेली तर?"

"समुद्र तापला की मरते. मग हेही..." तो थांबला. बघत होता मनवाकडे, माशांकडे नाही.

मला मासा आवडला. उपाशी राहील, पण भलतं तोंडात घेणार नाही. आमच्याच घरातला म्हणायचा!

वरद म्हणाला, मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्याला शिंपल्यातलं मांस वाटून फासलं तर कधीकधी फसतात. मी तिसऱ्या आणल्या, पाट्यावर लोण्यासारख्या वाटल्या.

"आजी, मीठ नाही ना घातलंत?"

"समुद्रातल्याला मीठ मी चाखवू होय रे?"

तीन दिवस वाटण फुकट. वरद रोज यायचा — माशांसाठी म्हणे! पाण्यात तुकडा ठेवताना दोघांची बोटं लागायची, मग दोघंही दुसरीकडेच बघायची.

"तो बोलला नाही तर मी नाही विचारणार," मनवा घरी म्हणाली.

"राहा त्या काट्यासारखी ताठ. रविवारी तो निघून जाईल."

शनिवारी संध्याकाळी मादी डोकं खाली करून तुकड्याशी गेली. टोचलं. पुन्हा टोचलं. मागून नर आला. वरदने टाळी वाजवली आणि मनवाकडे वळला.

"पोरा, त्यांनी तोंड उघडलं," मी म्हटलं. "आता तू उघड."

"मनवा... मला तू... अंदमानला येशील? माझ्याबरोबर?"

"पहिल्याच दिवशी म्हटलं होतं ना," मनवा काचेकडे बघत म्हणाली, "जोडीनेच न्या."

मग एकदम माझ्याकडे वळली. "पण आजी, तू एकटी..."

"मला काय काटा नाही?"

वरदला तिकीट पुढे ढकलायला लावलं, लग्न लावून दिलं आणि दोघांना पाठवलं. जोडी दुकानातच आहे, मालकाला विकू दिली नाही. रोज सकाळी वाटण मीच नेते.

परवा वरदचा फोन. "आजी, इथे तापलेल्या समुद्रातही एक जोडी दिसली. मजेत खात होती."

"आणि माझी जोडी?"

"मनवा रोज तिसऱ्या करते... पण म्हणते, तुमच्यासारखं वाटण होत नाही."

 

"होणारच नाही," म्हटलं, आणि फोन ठेवला.